माग्रितच्या इंजिनाखालची जमीन

अतिवास्तववादी, म्हणजे ओळखीच्या वस्तूंतून स्वप्नासारखं अशक्य काही दाखवणाऱ्या चित्रांवर एका अभ्यासगटापुढे बोलायचं ठरलं होतं. चित्रं निवडून झाली, टिपणं झाली आणि मी स्लाइड्स लावायला बसले. पडदा १६:९ या प्रमाणाचा, आणि निवडलेल्या चित्रांपैकी एकही त्या प्रमाणात बसणारं नव्हतं. साल्वादोर दालीचं ‘द पर्सिस्टन्स ऑफ मेमरी’ ३३ सेंमी रुंद आणि २४.१ सेंमी उंच. रने माग्रितचं ‘टाइम ट्रान्सफिक्स्ड’ तर उभंच, १४७ सेंमी उंच आणि ९८.७ सेंमी रुंद. सॉफ्टवेअर दर वेळी चित्र पडद्याएवढं मोठं करून वरखालचा भाग आपोआप छाटून टाकत होतं. छाटलेली चित्रं वाईट दिसत होती असं नाही. पडदा भरून गेल्यामुळे ती जास्तच भारदस्त वाटत होती. तरी प्रत्येक चित्रातून काहीतरी गेलेलं होतं आणि ते काय, हे मला शब्दांत सांगता येत नव्हतं. जे मला सांगता येत नाही, ते दुसऱ्यांना काय समजावणार? म्हणून स्लाइड्स बाजूला ठेवल्या आणि चित्रं मुद्दाम, हळूहळू कापून बघायची ठरवली.

साधनं साधी होती. काळ्या जाड कार्डशीटच्या दोन काटकोनी पट्ट्या कापून घेतल्या. एक वरच्या डाव्या कोपऱ्यात, दुसरी खालच्या उजव्या कोपऱ्यात ठेवली की त्यांच्यामध्ये चौकट तयार होते, आणि त्या सरकवल्या की चौकट हवी तशी लहानमोठी, आडवी-उभी करता येते. छायाचित्रं निवडताना, रेखाटनाआधी विषय ठरवताना ही युक्ती जुन्या काळापासून वापरतात. स्क्रीनवर माउसने क्रॉप करण्यापेक्षा मला हे बरं वाटलं, कारण पट्टी मिलिमीटर-मिलिमीटरने आत ढकलताना चित्र नेमकं कोणत्या क्षणी बदलतं ते पकडता येतं. प्रत्येक चौकट मी आधी डोळे किलकिले करून बघायचे, म्हणजे वस्तू विरून नुसते गडद-फिकट ठोकळे उरतात. मग ट्रेसिंग पेपरवर त्यातल्या ठळक रेषा काढायचे. आणि शेवटी, ज्यांना मूळ चित्र माहीत नाही अशा घरातल्या-ओळखीतल्या माणसांना तो तुकडा दाखवून एवढंच विचारायचे, की यात काय चाललंय? या तिसऱ्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त शिकवलं.

सुरुवात दालीपासून केली. १९३१ चं हे चित्र न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. त्याची कीर्ती एवढी मोठी की चित्रही भिंतभर असेल असं वाटतं. प्रत्यक्षात ते ए-४ कागदापेक्षा जेमतेम मोठं आहे. त्यामुळे मूळ आकाराचाच प्रिंट टेबलावर घेऊन काम करता आलं. डावीकडे कडेतूनच आत आलेला तपकिरी ठोकळा. त्यावर मुंग्यांनी भरलेलं, बंद, केशरी घड्याळ आणि शेजारी ठोकळ्याच्या कडेवरून ओघळणारं मऊ घड्याळ. ठोकळ्यातून वर आलेलं वठलेलं झाड, त्याच्या आडव्या फांदीवर टाकलेलं दुसरं मऊ घड्याळ. मधोमध वाळूवर निजलेला, लांब पापण्यांचा, चेहऱ्यासारखा फिकट आकार आणि त्याच्या पाठीवर तिसरं. वर उजवीकडे पिवळ्या उन्हात स्पेनच्या किनाऱ्यावरच्या काप द क्रेउसचे कडे. आणि या सगळ्याच्या मध्ये भरपूर, भरपूर रिकामी वाळू.

रुंदी पूर्ण ठेवून १६:९ करायचं तर उंची साडेअठरा सेंमी उरते. साडेपाच सेंमी, म्हणजे उंचीचा जवळजवळ चौथा हिस्सा, वरून किंवा खालून जाणारच. वरून काढला तेव्हा आकाशाची बारीक पट्टी राहिली. मूळ चित्रात नजर ठोकळ्यावरून मागे सरकते, अंधाऱ्या वाळूवरून उजळ समुद्रापर्यंत पोचते आणि तिथून वर मोकळी होते. आकाश गेल्यावर तिला वर जायला जागाच उरली नाही. ती क्षितिजाला धडकून पुन्हा घड्याळांवर येऊ लागली. चित्रातली ती विलक्षण स्तब्धता गेली आणि तिथे दाटी आली. खालून काढला तेव्हा वेगळंच घडलं. मुंग्यांचं घड्याळ खालच्या कडेच्या अगदी जवळ आलं, ठोकळ्याची पुढची बाजू गेली आणि ठोकळ्याला वजन उरलं नाही. तो जमिनीवर ठेवलेला आहे की हवेत, कळेना.

मग चौरस करून पाहिला. उजवीकडून जवळजवळ नऊ सेंमी आत आले. कड्यांचा बराचसा भाग गेला, वाळूवरचा एकुलता एक लहानसा गोटा गेला, आणि चित्र बंद खोलीतल्या वस्तुचित्रासारखं दिसू लागलं. हा बदल मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. मूळ रचनेत सगळं जड सामान डावीकडे आहे. उजवीकडे नुसती पोकळी आणि दूरवर उन्हातला कडा. तरी चित्र डावीकडे कलंडत नाही, कारण जवळच्या मोठ्या अंधाराला लांबचा छोटासा उजेड तोलून धरतो. पट्टी आत ढकलत असताना तो उजेड जसजसा कमी झाला तसतसं चित्र डावीकडे झुकत गेलं, अगदी डोळ्यांदेखत. उलट बाजूने, डावीकडून कापत आले तर आधी मुंग्या गेल्या, मग झाडाचं खोड गेलं. फांदी चौकटीबाहेरून आत शिरू लागली. खोड दिसत नसेल तर झाड कशातून उगवलंय हा प्रश्नच पडत नाही. बाहेर कुठेतरी साधं झाड असेल, असं आपण गृहीत धरतो.

शेवटी पट्ट्या अगदी जवळ आणून फक्त मधला आकार आणि त्यावरचं घड्याळ ठेवलं. हाच तुकडा आपण सर्वांत जास्त वेळा बघतो, कारण ‘विचित्र’ म्हणून तोच उचलला जातो. मी ज्यांना तो दाखवला त्यांच्यापैकी कोणी म्हणालं, ओलं कापड आहे. कोणी म्हणालं, एखादा मासा. घड्याळ मऊ आहे याचं कोणालाच फारसं नवल वाटलं नाही, कारण त्या तुकड्यात सगळंच मऊ होतं. ट्रेसिंग पेपरवर कारण स्पष्ट दिसलं. पूर्ण चित्रात क्षितिज पट्टीने आखल्यासारखं सरळ आहे, ठोकळ्याच्या कडा सरळ आहेत, समुद्राजवळच्या चौथऱ्याच्या कडा सरळ आहेत, कडे टोकदार आणि टणक आहेत. घड्याळं वितळतात ती या टणकपणाच्या समोर. तुकड्यात एकही सरळ रेषा उरली नव्हती.

यानंतर माग्रितचं इंजिन घेतलं आणि मला जे हवं होतं ते तिथे सापडलं.

‘टाइम ट्रान्सफिक्स्ड’ १९३८ चं आहे, शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये असतं. एक सभ्य, नीटनेटकी, जवळजवळ रिकामी खोली. संगमरवरी फायरप्लेस, वर घड्याळ, दोन मेणबत्तीदाण्या, मागे मोठा आरसा, खाली लाकडी फळ्यांची जमीन. आणि फायरप्लेसच्या आतून एक वाफेचं इंजिन बाहेर येतंय. रूळ नाहीत, ते अधांतरी आहे, आणि त्याचा धूर मुकाट्याने धुराड्यातच वर जातो. सॉफ्टवेअरने याचा आडवा तुकडा करताना मधलं इंजिन ठेवलं होतं आणि वरचा आरसा व खालची जमीन काढून टाकली होती. कोणीही असंच केलं असतं. इंजिन हाच तर विषय!

मी पट्टी खालून वर सरकवायला सुरुवात केली. इंजिनाच्या चाकांखाली जमीन दिसते आहे तोवर ते हवेत तरंगतं आहे, यात शंका नसते. आणखी वर सरकवली, चाकांच्या लगेच खाली चौकट संपवली, आणि तरंगणं संपलं. चाकं आता चौकटीच्या कडेवर टेकली होती. तो तुकडा पाहून पहिल्या माणसाने लगेच सांगितलं, “बोगद्यातून गाडी बाहेर येतेय.” दुसऱ्यानेही तेच. फायरप्लेसचं काळं तोंड बोगदा झालं होतं आणि रूळ चौकटीच्या खाली असणार, हे त्यांनी मनातल्या मनात भरून घेतलं होतं. त्यांच्या दृष्टीने चित्रात अशक्य असं काहीच नव्हतं.

साध्या निसर्गचित्रातून किंवा व्यक्तिचित्रातून कापलं तर जोर बदलतो, तोल बदलतो, कधी भाव बदलतो. अतिवास्तववादी चित्रातून कापलं तर त्यात घडलेली गोष्टच घडलेली राहत नाही. चौकटीबाहेर काय असेल ते आपण नेहमीच्या, ओळखीच्या जगातून भरून काढतो. डोळ्यांची ती सवयच आहे आणि तिच्याशिवाय आपण कोणतंच चित्र वाचू शकणार नाही. चित्रकाराने मात्र नेमका तोच भाग रंगवून ठेवलेला असतो, जेणेकरून आपल्याला पळवाट राहू नये. इंजिनाखालची ती फळ्यांची जमीन म्हणजे ‘इथे रूळ नाहीत’ याचा पुरावा. ती कापली की पुरावा नाहीसा होतो आणि आपण सुटतो.

माग्रितने या चित्राबद्दल स्वतः लिहून ठेवलंय, की इंजिनाचं गूढ जागवायचं तर त्याला दुसरी एखादी ओळखीची आणि गूढ नसलेली प्रतिमा जोडणं गरजेचं होतं, म्हणून त्याने जेवणघरातली फायरप्लेस घेतली. हे मी आधी वाचलेलं होतं. पण पट्टी सरकवताना ते हाताला जाणवलं. वरची बाजूही तशीच. आरसा कापला तर खोलीची उंची जाते, आणि आरशात दोनपैकी एकाच मेणबत्तीदाणीचं प्रतिबिंब आहे ही बारीक, अस्वस्थ करणारी गोष्टही जाते. एडवर्ड जेम्स या संग्राहकासाठी केलेलं हे चित्र जिन्याच्या पायथ्याशी लागावं, म्हणजे इंजिन येणाऱ्या पाहुण्यांवर चाल करून जाईल, अशी माग्रितची इच्छा होती. जेम्सने ते आपल्या फायरप्लेसच्या वर लावलं. चित्र कुठे लावायचं यानेही त्याच्याभोवतीची चौकट बदलते, पण तो वेगळाच विषय होईल.

एकदा हे धरून बसल्यावर पुढची चित्रं भराभर उलगडली. माग्रितचंच ‘द सन ऑफ मॅन’ (१९६४): चेहऱ्यासमोर हिरवं सफरचंद असलेला, गोल टोपी घातलेला माणूस. त्याचा डोक्यापुरता तुकडा इतका प्रसिद्ध आहे की पूर्ण चित्र पाहिलेलं असूनही अनेकांना त्याचा डावा हात आठवत नाही. तो हात कोपरातून उलट्या दिशेने वळल्यासारखा दिसतो. मागे ठेंगणी भिंत, समुद्र, ढगाळ आकाश. पूर्ण चित्रात तो अवघडून उभा राहिलेला एक माणूस आहे आणि सफरचंद त्याच्या बाबतीत झालेली एक घटना आहे. डोक्यापुरता कापला की सफरचंद बरोबर मध्यभागी येतं, मोठं होतं आणि तो माणूस एक चिन्ह होऊन जातो. चिन्ह सुंदर आहे. पण ते अंगावर येत नाही.

‘द रेड मॉडेल’मध्ये (१९३५) लाकडी कुंपणासमोर बुटांची जोडी आहे, जी खाली येता येता माणसाच्या पावलांत बदलते. इथे पट्टी वरून आणली तर नुसती पावलं, खालून आणली तर नुसते बूट. चामडं कुठे संपतं आणि कातडी कुठे सुरू होते तेवढा काही सेंटिमीटरचा पट्टाच चित्राचा जीव आहे, आणि दोन्ही टोकं पूर्ण असल्याशिवाय त्या पट्ट्याला अर्थ नाही.

जॉर्जो दे किरिको हा या मंडळींच्या आधीचा. अतिवास्तववादाचा जाहीरनामा १९२४ चा, तर त्याचं ‘मिस्ट्री अँड मेलन्कली ऑफ अ स्ट्रीट’ १९१४ चं. त्यातली चाक फिरवत धावणारी मुलगी खाली आहे, आणि वर, उजवीकडच्या इमारतीमागून कोणाची तरी लांब सावली रस्त्यावर पडलेली आहे. सावलीचा मालक चित्रात नाही. म्हणजे चित्रकाराने स्वतःच एक माणूस कापून बाहेर ठेवलेला आहे! मी वरून कापलं तेव्हा एक मूल उन्हात खेळत होतं, बस. खालून कापलं तेव्हा ओसाड चौकात एक सावली होती. भीती होती ती त्या दोघांमधल्या उजळ, रिकाम्या उतारावर, जिथे काहीही रंगवलेलं नाही. या चित्राचा तुकडा एका मुलाला दाखवला होता. सावलीशिवायचा. “ती शाळेतून घरी चाललीय,” तो म्हणाला. मग पट्टी वर सरकवली. तो बराच वेळ काही बोलला नाही, आणि मग म्हणाला, “तिला सांगा ना.”

ईव तांगीच्या चित्रांत वेगळा अनुभव आला. ‘मामा, पापा इज वूंडेड!’ (१९२७) मध्ये ओळखीची एकही वस्तू नाही. उजवीकडे एक उंच खांबासारखा आकार, इतस्ततः काही अनाम तुकडे आणि त्यांच्या ठसठशीत सावल्या. ओळखीचं काही नसल्यामुळे कापून काही ‘सोपं’ होत नाही. कुठलाही तुकडा गूढच राहतो. पण मोजमाप हरवतं. पूर्ण चित्रात क्षितिजापर्यंतचं अंतर दिसतं, म्हणून ते आकार माणसाहून उंच असावेत असं वाटतं. क्षितिज काढलं की तेच आकार टेबलावरच्या खड्यांएवढे होतात.

माक्स अर्न्स्टचं ‘टू चिल्ड्रेन आर थ्रेटन्ड बाय अ नाइटिंगेल’ (१९२४) कापायला घेतलं तेव्हा चित्र कुठे संपतं हेच ठरेना. त्यावर खरंखुरं लाकडी फाटक बसवलेलं आहे, ते उघडून चौकटीवर येतं. छपरावरचा माणूस चौकटीवर लावलेल्या बटणाकडे हात नेतो. चित्राचं नावही चौकटीवरच लिहिलेलं आहे. चौकट ‘बाहेरची’ समजून छाटली तर त्या माणसाचा हात कशासाठी पुढे झालाय ते कळणारच नाही.

याच्या नेमकं उलटं काम करणारी कात्रीही त्याच काळात, त्याच वर्तुळात होती, हे आठवल्यावर मी थोडी थबकले. छायाचित्रकार जाक-आंद्रे ब्वाफारने १९२९ मध्ये पायाच्या अंगठ्याची छायाचित्रं काढली, जवळून, काळ्या पार्श्वभूमीवर, बाकी सगळं शरीर वगळून. बघवत नाही असा तो अंगठा दिसतो. तिथे जवळून कापल्यानेच अद्भुत निर्माण झालं. मग माझं म्हणणं खोटं ठरतं का? मला नाही तसं वाटत. अंगठा ही मुळात इतकी ओळखीची वस्तू आहे की तिच्याभोवतीचं शरीर काढून घेणं हाच धक्का आहे. माग्रितच्या इंजिनाभोवतीची खोली काढून घेतली तर धक्काच काढून घेतला जातो. कात्री तीच, पण एका ठिकाणी ती छायाचित्रकाराने चालवली आहे आणि दुसऱ्या ठिकाणी पडद्याच्या मापाने.

माग्रितने स्वतःही चित्रं कापली. ‘द एटर्नली ऑब्व्हियस’मध्ये (१९३०) एक नग्न स्त्री पाच वेगवेगळ्या, स्वतंत्र चौकटींत येते: चेहरा, स्तन, ओटीपोट, गुडघे, पावलं. मध्ये मोकळ्या जागा. डोळा त्या जागा भरून एक स्त्री उभी करतो, पण पाचही चौकटी त्याला तसं पूर्ण करू देत नाहीत. कापणं इथे रचनेचाच भाग आहे.

आणि दुसरी गोष्ट खरोखरची कापाकापी आहे. ‘द एन्चांटेड पोझ’ नावाचं त्याचं १९२७ चं मोठं चित्र हरवलेलं होतं. फक्त काळंपांढरं छायाचित्र उपलब्ध होतं. त्याने त्या कॅनव्हासचे चार तुकडे केले होते आणि प्रत्येकावर नवं चित्र रंगवलं होतं. क्ष-किरण तपासणीत पहिले दोन तुकडे २०१३ मध्ये सापडले, न्यूयॉर्कमधल्या ‘द पोर्ट्रेट’खाली आणि स्टॉकहोममधल्या ‘द रेड मॉडेल’खाली. तिसरा २०१६ मध्ये इंग्लंडच्या नॉरिच इथल्या चित्राखाली आणि चौथा २०१७ मध्ये ब्रसेल्सला. म्हणजे मी ज्या बुटांच्या चित्रावर पट्ट्या सरकवत होते, त्याच्या स्टॉकहोममधल्या मूळ कॅनव्हासच्या आत दुसऱ्या एका चित्राचा कापलेला चतुर्थांश आहे. त्या रात्री मला दुसरं काही सुचलं नाही. तुकडा कापताना माग्रितने जुन्या चित्राचं काय उरतं याची फिकीर केली नाही. त्याला हवा होता नवा कॅनव्हास, आणि त्यावर त्याने पुन्हा पूर्ण रचना उभी केली. कापलेलं चित्र म्हणून ते तुकडे त्याने जगापुढे ठेवले नाहीत.

कापण्याने रचनेचं काय होतं याचा सगळ्यात जाहीर दाखला मात्र अतिवास्तववादाबाहेरचा आहे. रेम्ब्रांटचं ‘द नाइट वॉच’ १७१५ मध्ये ॲमस्टरडॅमच्या नगरभवनात दोन दारांच्या मधल्या भिंतीवर बसवण्यासाठी चारही बाजूंनी कापलं गेलं, सर्वांत जास्त डावीकडून. जुन्या प्रतिकृतीच्या आधारे राइक्सम्युझियमने २०२१ मध्ये गेलेल्या पट्ट्या तयार करून मूळ चित्राभोवती लावल्या, तेव्हा पुढचे दोघे मुख्य अधिकारी मधोमध नसून उजवीकडे सरकलेले दिसले आणि नगररक्षकांची अख्खी तुकडी चालू लागल्यासारखी वाटली. मी हे अभ्यासगटाला दाखवायचं ठरवलं, कारण तिथे फरक मोजपट्टीने सांगता येतो: कापल्यावर चाल गेली. पण तुकडी तुकडीच राहिली. इंजिनाची गाडी झाली तसं तिथे झालं नाही.

सगळ्यात अवघड गेलं दालीचं ‘मेटॅमॉर्फसिस ऑफ नार्सिसस’ (१९३७, लंडनचं टेट संग्रहालय). डावीकडे पाण्यात वाकून बसलेला नार्सिसस, म्हणजे ग्रीक पुराणकथेतला, स्वतःच्याच प्रतिबिंबाच्या प्रेमात पडून शेवटी फूल झालेला तरुण; उजवीकडे जवळजवळ त्याच आकाराचा, हाडकुळा, दगडी हात. हाताच्या चिमटीत अंडं आणि अंड्याच्या भेगेतून उगवलेलं फूल. गुडघ्यावर टेकलेलं डोकं म्हणजेच ते अंडं. नजर डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडे जात राहते आणि त्या येण्याजाण्यातच रूपांतर घडतं. चित्र ५१.१ सेंमी उंच आणि ७८.१ सेंमी रुंद. गटातल्या काही जणांना स्लाइड्स फोनवर उभ्या आकारात हव्या होत्या. पूर्ण उंची ठेवली तर ९:१६ मध्ये जेमतेम २९ सेंमी रुंदी मावते. म्हणजे नार्सिसस तरी, नाही तर हात तरी. दोन्ही एका चौकटीत नाहीत. एकामागून एक दाखवायचे का, यावर मी बराच विचार केला. एकामागून एक दाखवलं की ते ‘आधी’ आणि ‘नंतर’ होतं. दालीने मात्र ते शेजारी-शेजारी ठेवलंय. दोन्ही एकाच वेळी खरी आहेत. शेवटी फोनसाठी हे चित्र आडवंच ठेवलं, वरखाली मोठ्या काळ्या पट्ट्यांसकट, आणि फोन आडवा धरा असं खाली लिहिलं.

बाकीच्या स्लाइड्सचंही तेच केलं. प्रत्येक चित्र आधी पूर्ण, कडेला कितीही जागा वाया जावो. पार्श्वभूमी काळीऐवजी मध्यम राखाडी ठेवली, कारण काळ्यावर दालीची अंधारी वाळू चौकटीबाहेर वाहून जाते आणि चित्राची कड दिसेनाशी होते. पांढऱ्यावर ती उगाच मळकट वाटते. तुकडा दाखवायचा तो नंतर, आणि त्याखाली ‘अंशचित्र’ असं स्पष्ट लिहून. संग्रहालयं चित्र छापायला देताना बहुधा हीच अट घालतात: कापू नका, वर मजकूर छापू नका, भाग वापरलात तर तसं नमूद करा. आधी मला ही कागदोपत्री काटेकोरता वाटायची. आता वाटतं, निदान या चित्रांच्या बाबतीत ती अट चित्र समजणाऱ्या माणसानेच घातलेली असावी.

एकाच चित्राबाबत क्रम उलटा केला. माग्रितचं इंजिन आधी तुकड्यात दाखवलं, बोगद्यातल्या गाडीसारखं, आणि गटाला दोन ओळी लिहायला सांगितल्या. प्रवास, वेग, गावाची आठवण असं काय काय आलं. मग पूर्ण चित्र लावलं. खोलीत जी कुजबुज झाली ती आरशाबद्दल किंवा घड्याळाबद्दल नव्हती. पुढच्या रांगेतल्या एक वयस्कर बाई उठून पडद्याजवळ गेल्या, चाकांच्या खालच्या फळ्यांवर बोट ठेवलं आणि विचारलं, “मग ही उभी कशावर आहे?”

त्यानंतर हातात द्यायच्या टिपणाच्या मुखपृष्ठाचा प्रश्न उरला होता. त्यासाठी डोरोथिया टॅनिंगचं ‘बर्थडे’ (१९४२) निवडलं, ते मुळातच उभं आहे म्हणून. १०२.२ सेंमी उंच, ६४.८ सेंमी रुंद. फक्त चेहरा घेतला असता तर एका तरुण स्त्रीचं गंभीर व्यक्तिचित्र झालं असतं. दाराच्या मुठीवरचा हात, एकामागून एक उघडत गेलेली दारं आणि पायाशी बसलेलं पंखांचं जनावर, सगळं बाहेर राहिलं असतं. ए-३ कागदाच्या पूर्ण उंचीवर चित्र लावलं तर रुंदी साडेसव्वीस सेंमीच्या आसपास होते आणि बाजूला तीन सेंमीची उभी पट्टी रिकामी उरते. छपाईवाल्याने विचारलं, चित्र थोडं मोठं करून ती पट्टी भरून टाकू का, वरखाली थोडंसंच जाईल. मी म्हटलं, नको. त्या पट्टीत चित्राचं नाव, साल, मापं आणि ते जिथे आहे त्या फिलाडेल्फियाच्या संग्रहालयाचं नाव उभ्या ओळीत छापून घेतलं.